दामदुप्पट आणि कोसळलेले राज्य : अल्बेनिया, १९९७

मृण्मयी_स (धागाकर्ती)

१९९६ सालच्या पानगळीच्या दिवसांत तिराना शहरात कत्तलखान्याचा वास येत असे आणि आवाजही तसाच ऐकू येत असे, अशी तेव्हा तिथे राहणाऱ्या एका माणसाची आठवण नोंदलेली आहे. शेतकरी आपली जनावरे हाकत शहराच्या बाजारात आणत होते, ती विकत होते आणि आलेली रक्कम दामदुप्पट देणाऱ्या कंपन्यांकडे नेऊन भरत होते. शहरातले लोक त्याच कारणासाठी राहती घरे विकत होते. अल्बेनियाची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांहून कमी होती आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोकांचा पैसा या योजनांत गुंतलेला होता. योजनांनी लोकांना देणे असलेली रक्कम कळसाला पोहोचली तेव्हा ती १२० कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मी होती. पुढच्या काही महिन्यांत सरकार पडले, सैन्य विरघळून गेले, शस्त्रागारे लुटली गेली आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणाला मुकली.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी भोळ्या किंवा लोभी लोकांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला हे मांडणे अन्यायाचे वाटते, आणि तेवढ्यासाठीच हा धागा काढला आहे. अल्बेनियातील माणसाने तो पैसा कंपनीच्या हाती का दिला, हे समजून घ्यायचे असेल तर त्याला आधीची ४५ वर्षे पैशाविषयी काय शिकवले गेले होते आणि नंतरच्या पाच वर्षांत काय पाहायला मिळाले, हे पाहावे लागते.

साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजा यांची सत्ता १९४४ पासून १९८५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत टिकली. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी, १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी आणि १९७८ मध्ये चीनशी त्यांनी संबंध तोडले, आणि त्यानंतर हा देश जगात जवळजवळ एकटा उरला. १९७६ च्या राज्यघटनेने परकीय कर्ज घेण्यावरच बंदी घातली होती. १९६९ साली नागरिकांवरचे कर रद्द झाले आणि आपण करमुक्त राज्य आहोत, असा सरकारने अभिमानाने प्रचार केला. खासगी मोटार बाळगण्याची मुभा नव्हती, खासगी दुकान नव्हते, शेतकऱ्याकडे स्वतःची म्हणावी अशी जमीन नव्हती. धोका कशाला म्हणतात, तारण कशाला म्हणतात, एखादा धंदा बुडतो म्हणजे नेमके काय होते, हे त्या दोन पिढ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. देशात जे उघडपणे चालते ते राज्याच्या संमतीनेच चालते आणि राज्याला जे नको असते ते एका रात्रीत बंद होते.

१९९१ नंतर साम्यवादी राजवट ओसरली आणि सारे भराभर बदलले. सामुदायिक शेतीची जमीन कुटुंबांना वाटली गेली. सरकारी सदनिका १९९२-९३ मध्ये त्यांत राहणाऱ्यांनाच नाममात्र किमतीत विकण्यात आल्या. ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. आयुष्यात प्रथमच लोकांकडे विकता येईल अशी एक मोठी वस्तू आली होती, आणि तिची खरी किंमत काय, याचा अंदाज कोणालाच नव्हता. शिवाय ग्रीस आणि इटलीत मजुरी करणारे लाखो लोक घरी पैसे पाठवत होते. हा पैसा ठेवायचा कुठे? तीन सरकारी बँकांत मिळून देशातील ९० टक्क्यांहून अधिक ठेवी होत्या, पण त्यांचा कारभार ढिला होता आणि कर्जे थकलेली होती. उद्योग करू पाहणाऱ्याला बँकेचे कर्ज मिळणे दुरापास्त असल्याने तो बाहेरून, म्हणजे लोकांकडून, चढ्या व्याजाने पैसा उचलत असे. सरकारी अर्थतज्ज्ञांनाही आरंभी हा खासगी कर्जबाजार उपकारकच वाटला होता.

वेफा, ग्यालित्सा आणि काम्बेरी या कंपन्या त्या बाजारातून वाढल्या. त्यांचे थोडेफार खरे उद्योग होते; वेफाची तर बाजारपेठेत दुकाने दिसत होती. युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध असताना इंधनाच्या तस्करीत अमाप कमाई होत होती आणि या कंपन्यांचा पैसा त्या कमाईत गुंतल्याचे मानले जाई. १९९५ च्या अखेरीस निर्बंध स्थगित झाले आणि तो झरा आटला. कमाई थांबली तसे जुन्या ठेवीदारांचे व्याज नव्या ठेवीदारांच्या पैशातून द्यावे लागले आणि नवे ठेवीदार ओढण्यासाठी दर वाढवावे लागले. त्याच सुमारास सुद्या, जाफेरी आणि पोपुली या योजना पुढे आल्या, ज्यांच्यामागे सांगण्यासारखा उद्योगच नव्हता. सुद्या चालवणारी स्त्री पूर्वी बुटांच्या कारखान्यात कामगार होती. १९९६ च्या आरंभी महिन्याला चारपाच टक्के असलेले व्याज वर्षाच्या मध्यावर आठदहा टक्क्यांवर गेले. सप्टेंबरात पोपुलीने महिन्याला ३० टक्क्यांहून अधिक देऊ केले, नोव्हेंबरात जाफेरीने तीन महिन्यांत मुद्दल तिप्पट करण्याचे वचन दिले आणि त्यावर सुद्याने दोन महिन्यांत दुप्पट देण्याचे जाहीर केले. जाफेरी आणि पोपुलीने काही महिन्यांतच २० लाखांच्या आसपास ठेवीदार गोळा केले होते.

त्या नोव्हेंबरात सरकारने काय केले, यावर माझे सारे म्हणणे उभे आहे. अर्थखात्याने ऑक्टोबरपासून सावधगिरीच्या सूचना द्यायला सुरुवात केली होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकही इशारे देत होत्या. त्यावर राष्ट्राध्यक्ष साली बेरिशा यांनी कंपन्यांची बाजू घेतली आणि नाणेनिधीचा हस्तक्षेप नको, असे सुनावले. वेफाच्या वर्धापनदिनाच्या सोहळ्यात देशाच्या पंतप्रधानांनी आणि संसदेच्या सभापतींनी पदके स्वीकारली. ज्या माणसाने राज्याच्या चेहऱ्याकडे पाहून काय चालते आणि काय चालत नाही हे ओळखायचे शिक्षण आयुष्यभर घेतले होते, त्याने त्या समारंभाचा अर्थ काय लावला असेल?

१९ नोव्हेंबर १९९६ रोजी सुद्याने देणी थांबवली. जानेवारीत एकेक योजना बंद पडू लागली. सरकारने जाफेरी आणि पोपुलीची बँकांतील २५ कोटी डॉलरची शिल्लक गोठवली आणि बुडालेला पैसा सरकार भरून देणार नाही, हे स्पष्ट केले. लुश्न्या गावात जमावाला समजावण्यासाठी गेलेल्या परराष्ट्रमंत्र्यांना लोकांनी तिथल्या मैदानात कित्येक तास अडकवून ठेवले. फेब्रुवारीत ग्यालित्सा बुडाली आणि ती जिथली होती ते दक्षिणेचे व्लोरा बंदर पेटले. पंतप्रधान मेक्सी १ मार्चला पायउतार झाले, २ मार्चला आणीबाणी लागू झाली आणि ३ मार्चला संसदेने बेरिशा यांनाच पुन्हा राष्ट्राध्यक्ष निवडले. दक्षिण भाग तोवर सरकारच्या हातातून गेला होता.

दोष कोणाचा, हा प्रश्न मी जाणून उघडा ठेवते आहे. आपली मते वाचायला आवडतील.

तटस्थ_वाचक

मृण्मयीताई, मांडणी अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. तीन महिन्यांत तिप्पट, हा हिशेब कळण्यासाठी कोणत्याही राज्यव्यवस्थेचा अनुभव लागत नाही. होजांच्या काळात अल्बेनियाने निरक्षरता जवळजवळ संपवली होती आणि गणित तिथल्या प्रत्येक मुलाने शिकलेले होते. आपणच लिहिले आहे की, कंपन्यांचा पैसा तस्करीतून येतो असे मानले जाई. म्हणजे ठेवीदारांना हा पैसा स्वच्छ नाही याची कल्पना होती आणि तरीही त्यातला वाटा त्यांना हवा होता. ज्याला आपण राज्यावरचा विश्वास म्हणता, त्यात ‘इतरांच्या आधी मी बाहेर पडेन’ हा हिशेबही मिसळलेला होता. राज्य दोषी आहेच; पण नागरिकाला सर्वस्वी निरागस ठरवले की त्याचे प्रौढपण आपण काढून घेतो. हुकूमशाहीने त्याच्याशी तेच तर केले होते.

अपूर्वा_बारी

मी गेली १९ वर्षे इटलीत, बारी येथे राहते. ८ ऑगस्ट १९९१ रोजी ‘व्लोरा’ हे जहाज सुमारे २० हजार अल्बेनियन माणसे घेऊन याच बंदराला लागले होते आणि इथल्या वयस्क लोकांच्या बोलण्यात तो दिवस अजून येतो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई दुर्रसच्या आहेत. त्यांच्या वडिलांची सदनिका याच लाटेत गेली. तटस्थजींचा प्रतिसाद वाचून मी त्यांना विचारले की, तेव्हा घरात कोणालाच शंका आली नव्हती का.

त्यांनी दिलेले उत्तर जसे आठवते तसे लिहिते. शंका त्यांच्या आईला होती आणि ती रोज बोलून दाखवत असे. परंतु शेजारच्या तिन्ही घरांना दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे मिळत होते, एका घरी नवे शीतकपाट आले होते, आणि त्यांचे वडील ज्या शाळेत शिकवत होते तिथला पगार आठवडाभरही पुरत नव्हता. वडिलांनी प्रथम ग्रीसमधून मुलाने पाठवलेले पैसे ठेवले. ते वाढून परत आल्यावर आईचा विरोध मावळला. घर विकल्यावर ते सगळे काकांच्या दोन खोल्यांत राहायला गेले, कारण तीन महिन्यांचाच प्रश्न होता. त्या बाई हे सांगताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटाने त्या दोन खोल्यांचा नकाशा काढत होत्या. कोण कुठे झोपत असे, ते दाखवत होत्या. तिथे ते सात वर्षे राहिले.

त्यांच्या बोलण्यात ‘९७’ हा आकडा एखाद्या दुखण्याच्या नावासारखा येतो. ‘९७ च्या आधी’, ‘९७ नंतर’, एवढेच त्या म्हणतात.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. २८ मार्च १९९७ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, व्लोराहून निघालेली ‘कातेर इ रादस’ ही माणसांनी भरलेली नौका ओट्रान्टोच्या सामुद्रधुनीत इटालियन नौदलाच्या ‘सिबिला’ या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. इटलीचे नौदल तेव्हा अशा नौकांना किनाऱ्यापासून दूर ठेवण्याचे काम करत होते. ८० हून अधिक माणसे गेली आणि त्यांत बायका व मुलांची संख्या मोठी होती. इटलीच्या न्यायालयाने पुढे दोन्ही जहाजांच्या कप्तानांना दोषी ठरवले. त्या नौकेचा सांगाडा वर काढून ओट्रान्टोच्या बंदरात स्मारक म्हणून ठेवला आहे. मी तो पाहिला आहे. तो इतका लहान आहे की शंभरावर माणसे त्यावर उभी तरी कशी राहिली असतील, हे समजत नाही. नेमक्या त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने अल्बेनियात बहुराष्ट्रीय दल पाठवण्यास मान्यता देणारा ११०१ क्रमांकाचा ठराव संमत केला होता, आणि त्या दलाचे नेतृत्व इटलीकडेच होते.

वकीलकाका

कायद्याच्या अंगाने एक मुद्दा मांडतो, कारण दोष कोणाचा या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे.

फेब्रुवारी १९९६ च्या बँकविषयक कायद्याने अल्बेनियाच्या मध्यवर्ती बँकेला विनापरवाना ठेवी गोळा करणाऱ्यांवर कारवाई करण्याचा अधिकार दिलेला होता. कंपन्यांनी असा पवित्रा घेतला की, आम्ही ठेवी घेतच नाही; नागरी संहितेनुसार एका व्यक्तीने दुसऱ्याला दिलेले हे साधे कर्ज आहे. शासनाने हा युक्तिवाद खोडून काढण्याऐवजी त्याच्याआड उभे राहणे पसंत केले. मध्यवर्ती बँक मागणी करत राहिली आणि तिला पाठबळ मिळाले नाही. म्हणजे कायदा नव्हता असे म्हणता येत नाही. कायदा होता आणि तो वापरायचा नाही, असे ठरवले गेले होते. १९९६ हे निवडणुकीचे वर्ष होते, हे येथे लक्षात ठेवावे. मे महिन्यातील निवडणुकीत सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाने १४० पैकी १२२ जागा घेतल्या, विरोधकांनी मतदानाच्या दिवशीच माघार घेतली आणि परदेशी निरीक्षकांनी गैरप्रकारांवर कठोर टीका केली.

ठेव की कर्ज, ठेव की वर्गणी, हा शब्दच्छल आपल्याकडच्या वाचकांना नवा नाही. आपल्या देशात १९७८ साली बक्षीस चिट्ठ्या आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. महाराष्ट्राने १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, ज्यात वित्तीय आस्थापनेची आणि तिच्या प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देण्याची तरतूद आहे. तरीही २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा करावा लागला. माझ्या व्यवसायात ४१ वर्षे काढल्यावर मी एवढे सांगू शकतो की, ‘ठेव’ या शब्दाची व्याख्या जितकी व्यापक तितके ठेवीदाराचे रक्षण होण्याची शक्यता अधिक. अल्बेनियाच्या संसदेने १९९७ च्या आरंभी या योजनांवर घाईघाईने बंदी घातली तेव्हा त्या कायद्यात योजना म्हणजे काय, याची व्याख्याच नव्हती.

शिवार

तटस्थजी, आपला मुद्दा मला पटतो आणि पटतही नाही, आणि त्याचे कारण घरातले आहे.

माझे वडील एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम त्यांनी तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवली, कारण तिथे बँकेपेक्षा तीन टक्के व्याज अधिक होते. दुप्पट नव्हे, तिप्पट नव्हे, फक्त तीन टक्के. परंतु खरे कारण व्याज नव्हते. संस्थेच्या उद्घाटनाला गावातली सगळी मोठी माणसे व्यासपीठावर होती आणि वडिलांनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. संस्था बुडाली. ठेवपावती आईने शिधापत्रिकेच्या जोडीला पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, ती आजही तिथेच आहे. वडील अवसायकाच्या (बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात नऊ वर्षे चकरा मारत होते आणि प्रत्येक वेळी जाताना ते इस्त्रीचा सदरा घालत, कारण कागदपत्र नीट आणि माणूस नीट दिसला तर काम होते, असे त्यांना वाटे.

माझे वडील लोभी नव्हते. ते कोणत्या हुकूमशाहीतही वाढले नव्हते. मृण्मयीताई म्हणतात तसे त्यांनी व्यासपीठाकडे पाहिले. त्यामुळे मला असे वाटते की, ४५ वर्षांच्या साम्यवादी राजवटीला या बाबतीत फार मोठे कारण मानू नये. व्यासपीठाकडे पाहून विश्वास ठेवणे ही सगळीकडच्या सामान्य माणसाची सवय आहे. अल्बेनियात एवढेच वेगळे होते की, पाहण्यासाठी दुसरे काहीच उपलब्ध नव्हते; ना जुनी बँक, ना वर्तमानपत्र, ना आधी बुडालेला शेजारी.

पूर्वरंग

शिवार यांनी शेवटी जे लिहिले आहे, तिथूनच पुढे जातो. आधी बुडालेले उदाहरण अल्बेनियात अगदीच नव्हते असे नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हाजदिन सेजदिया नावाच्या गृहस्थाने लोकांकडून पैसे घेतले, तिरानाच्या मध्यभागी मोठे हॉटेल उभारायचे म्हणून प्रचंड खड्डा खणला आणि देश सोडला. तो खड्डा त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. राजधानीतले लोक १९९६ साली जेव्हा रांगेत उभे होते, तेव्हा तो त्यांच्या परिचयाचाच होता. म्हणून अज्ञान हे कारण मला अपुरे वाटते.

अशा योजना साम्यवादोत्तर देशांत इतरत्रही फोफावल्या होत्या. रुमेनियातील क्लुज शहरात १९९२ पासून ‘कारितास’ ही योजना वाढली. तिने तीन महिन्यांत आठपट देण्याचे वचन दिले होते, शहराच्या महापौरांनी तिला उघड आश्रय दिला होता आणि पैसे मिळणाऱ्यांच्या नावांच्या याद्या स्थानिक वर्तमानपत्रात पानेच्या पाने छापल्या जात होत्या. १९९४ मध्ये ती बुडाली. रशियात सेर्गेई मावरोदी यांची ‘एमएमएम’ ही योजना १९९४ च्या उन्हाळ्यात कोसळली आणि तरीही त्याच वर्षी ते पोटनिवडणुकीत संसदेवर निवडून गेले. याच गृहस्थांनी पुढे २०११ नंतर हीच योजना भारतातही पसरवण्याचा प्रयत्न केला. रुमेनिया आणि रशिया ही राज्ये मात्र त्या धक्क्याने मोडली नाहीत.

अल्बेनियाच का मोडला? मला तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पहिली म्हणजे प्रमाण. देशातील दोनतृतीयांश लोक ठेवीदार असतील तर बुडालेला आणि न बुडालेला असे दोन वर्ग उरत नाहीत. दंगल करणारा आणि ती आवरायला पाठवलेला शिपाई दोघेही ठेवीदारच असतात. दुसरी, मे १९९६ च्या निवडणुकीनंतर विरोधकांना संसदेत जागाच उरली नव्हती, त्यामुळे संतापाला रस्त्याशिवाय वाट नव्हती. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट होजांच्या वारशातून आली आहे. त्यांनी सगळ्या जगाला शत्रू मानून देशभर १ लाख ७० हजारांच्या आसपास काँक्रीटचे बंकर बांधले आणि प्रत्येक नागरिकाला बंदूक चालवण्याचे शिक्षण दिले. त्या लोकयुद्धासाठी शस्त्रे गावोगावच्या कोठारांत साठवलेली होती. शत्रू कधी आलाच नाही. मार्च १९९७ मध्ये कोठारांचे पहारेकरी घरी निघून गेले आणि पाच लाखांहून अधिक शस्त्रे लोकांच्या हाती गेली. दोन हजार मृत्यूंपैकी कित्येक कोणत्याही लढाईत झालेले नाहीत. आनंदाने किंवा भीतीने आकाशात झाडलेल्या गोळ्या खाली येऊन माणसे मेली, मुले सापडलेल्या दारूगोळ्याशी खेळताना मेली, आणि जुन्या वैरांचे सूड त्या दिवसांत उगवले गेले.

तटस्थ_वाचक

पूर्वरंग यांच्या शिपायाच्या उल्लेखाने मला माझ्या पहिल्या प्रतिसादाचा पुन्हा विचार करायला लावले. रांगेत उभा असलेला माणूस हिशेब करत होता, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. परंतु जो हिशेब सगळा देशच करत असतो त्याला व्यक्तीचा लोभ म्हणणे अपुरे पडते, हे मान्य करतो. अपूर्वाताईंच्या शेजारणीच्या आईला खरा हिशेब कळला होता आणि तरीही तिला त्याचा उपयोग झाला नाही. ते वाचून मी काही वेळ थांबलो.

एक पूरक मुद्दा नोंदवतो. अल्बेनियात आजही १९९७ कडे पाहण्याचे दोन परस्परविरोधी दृष्टिकोन आहेत आणि ते पक्षनिहाय विभागलेले आहेत. समाजवाद्यांच्या मते तो लुबाडल्या गेलेल्या जनतेचा उठाव होता. बेरिशा यांच्या समर्थकांच्या मते जुन्या राजवटीच्या आणि तिच्या गुप्त पोलिसांच्या अवशेषांनी लोकांच्या संतापाचा वापर करून लोकनियुक्त सरकार उलथवले. व्लोराच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीत केलेले उपोषण पहिल्या बाजूला स्फूर्तिदायक वाटते आणि दुसरीला संशयास्पद. जूनअखेरच्या निवडणुकीत फातोस नानो यांच्या समाजवादी पक्षाने मोठे बहुमत मिळवले. मार्चमध्ये तुरुंग ओस पडले तेव्हा नानो त्यांतूनच बाहेर आले होते. बेरिशाही संपले नाहीत. ते २००५ मध्ये पंतप्रधान झाले आणि आठ वर्षे त्या पदावर राहिले. ज्यांच्या कारकिर्दीत घरेदारे गेली त्यांनाच मतदारांनी आठ वर्षांनी पुन्हा निवडले, याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

वकीलकाका

ठेवीदारांना शेवटी किती मिळाले, हे कोणी सांगू शकेल का? आणि ती पाच लाख शस्त्रे परत कशी घेतली गेली, हेही वाचायला आवडेल.

मृण्मयी_स (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. शिवार, तुमच्या वडिलांच्या इस्त्रीच्या सदऱ्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. फक्त वाचला, एवढे सांगते. साम्यवादी राजवटीला मी प्रमाणाबाहेर कारण मानले, हा तुमचा आक्षेप मला पटला आहे. पाहण्यासाठी दुसरे काहीच नव्हते, हे तुमचे वाक्य माझ्या पूर्ण परिच्छेदापेक्षा नेमके आहे.

वकीलकाका, तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते. जाफेरी आणि पोपुलीच्या गोठवलेल्या शिलकीतून त्यांच्या ठेवीदारांना काही अंशाने परतफेड झाली आणि तिची सुरुवात फेब्रुवारी १९९७ मध्येच झाली होती. म्हणजे सर्वांत बेफाम वचने देणाऱ्या योजनांच्या ठेवीदारांना काहीतरी मिळाले, कारण त्यांचा पैसा बँकेत पडून होता. ज्यांनी अधिक विचार करून खऱ्या दुकानांच्या आणि खाणींच्या कंपन्या निवडल्या त्यांचे हाल जास्त झाले. वेफासारख्या कंपन्यांवर परदेशी लेखापालांचे प्रशासक नेमले गेले, त्यांना कागदपत्रे मिळवण्यासाठीच दीर्घकाळ झगडावे लागले आणि मालमत्ता दाव्यांच्या मानाने अगदी थोडी निघाली. उरलेल्या तोट्याचा भार अप्रत्यक्षपणे सगळ्यांनीच उचलला. १९९७ च्या मध्यापर्यंत लेक हे चलन डॉलरच्या तुलनेत सुमारे ४० टक्के घसरले होते आणि वर्षभरातली महागाई ४० टक्क्यांच्या वर गेली होती.

शस्त्रांचे उत्तर अर्धवट आहे. पुष्कळशी शस्त्रे डोंगर ओलांडून कोसोवोत गेली आणि तिथे वर्षभरात युद्ध भडकले. काही अजूनही घरांत आहेत. परत घेण्याचा एक प्रयोग मात्र मला सांगावासा वाटतो. देशाच्या मध्यभागी ग्राम्श नावाचा डोंगराळ आणि गरीब जिल्हा आहे, जिथे पूर्वी बंदुका बनवण्याचा सरकारी कारखाना होता. १९९९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने तिथे बंदुकीच्या मोबदल्यात रोख पैसे द्यायचे नाहीत, असे ठरवले. रोख दिले तर बंदुकीचा बाजार तयार होईल, अशी भीती होती. ज्या गावाने शस्त्रे जमा केली त्या गावाला रस्ता, दूरध्वनी किंवा रस्त्यावरचे दिवे मिळत. सुमारे सहा हजार शस्त्रे तिथे परत आली. ज्या लोकांनी दोनच वर्षांपूर्वी पावतीवर विसंबून जनावरे विकली होती, त्यांच्यासमोर या वेळी रस्त्याची खडी प्रत्यक्ष येऊन पडत होती.